आमच्या घरातला परवा

मार्च लागला की आमच्या कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर परीक्षेचे पॅड दिसू लागतात. आमच्या वेळी ते पुठ्ठ्याचे असायचे, वर लोखंडी चिमटा. आता पारदर्शक प्लॅस्टिकचे असतात, आत काही लपवलेलं नाही हे लांबूनच दिसावं असे. हॉल तिकीट, दोन निळी पेनं, लेबल सोलून काढलेली पाण्याची बाटली. मुलं ओठ हलवत उभी असतात. आया त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत त्यांच्याकडेच बघत असतात. थांब्यामागचा कडुनिंब नेमका याच दिवसांत फुलतो आणि त्याची बारीक पांढरी फुलं मुलांच्या केसांवर, पॅडवर, आयांच्या खांद्यावर पडत राहतात. हैदराबादच्या हिमायतनगरची ही सकाळ मी बरीच वर्षं बाल्कनीतून बघत आलो आहे. इतकी वर्षं ती दुसऱ्यांची होती.

यंदा त्या घोळक्यात माझी थोरली मुलगी जाई असते. इंटरचं पहिलं वर्ष, म्हणजे अकरावी. बस आली की ती वर न बघता हात हलवते, कारण बाबा तिथे उभा असणार हे तिला ठाऊक असतं. बस दिसेनाशी होईपर्यंत मी आत जात नाही. पण ते यंदाच्या परीक्षेमुळे नाही. गेल्या वर्षीचा मार्च माझ्या अंगातून अजून पुरता उतरलेला नाही.

गेल्या वर्षीपर्यंत जाई कधी कुठल्या वर्गात बसलीच नव्हती. तिच्याहून बरीच लहान असलेली ओवी अजूनही बसलेली नाही. आमच्याकडे घरशाळा होती. 'होती' म्हणायचं की 'आहे' म्हणायचं, हाच त्या मार्चमधला प्रश्न होता.

घरशाळा माझ्या बायकोची, मृणालची. ती स्वतः शाळेत शिकवायची. जाईला बालवाडीत घालायची वेळ आली तेव्हा तिनं जाईला घातलं नाहीच, वर आपलीही नोकरी सोडली. म्हणाली, "हिला घरीच वाढवू या. शिकेल ती." मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. पुस्तकांच्या जागा ठरलेल्या असल्या की मला बरं वाटतं आणि मुलांच्याही जागा ठरलेल्या असाव्यात असं मला मनातून वाटायचं. पण मृणालच्या आवाजात एक स्वस्थपणा होता. घाबरलेल्या माणसाला असा स्वस्थपणा सावलीसारखा वाटतो. मी त्या सावलीत बसलो आणि वर्षं गेली.

कशी गेली ते सांगता येणं अवघड आहे, कारण त्यांना तास नव्हते, घंटा नव्हती, सहामाही-वार्षिक नव्हती. जाई वाचायला शिकली ती नामपल्ली स्टेशनवर. एकच नाव तीन-चार लिप्यांत लिहिलेल्या पाटीसमोर मृणाल तिला उभी करायची आणि विचारायची, "यातला 'न' कुठं लपलाय?" उर्दूतला न म्हणजे पोटात ठिपका धरलेली वाटी, तेलुगूतला न म्हणजे डोक्यावर तुरा असलेलं वेटोळं, असं जाई घरी येऊन मला सांगायची. गाड्या येत-जात, हमाल ओरडत, चहाच्या वाफेचा आणि रुळांवरच्या ऊन लागलेल्या तेलाचा वास येत असे. पुढे ओवीही तिथेच शिकली. जानेवारीत नुमाइश, ते मोठं प्रदर्शन, भरली की आम्ही आठवड्याच्या मधल्याच दिवशी जायचो. पाळणे रिकामे, मुली दोनदा-तीनदा बसत. दुकानदार विचारत, "स्कूल नै क्या, बेटा?" आणि मृणाल हसून शालींचे भाव विचारू लागे.

कुणी काही विचारलं आणि येत नसलं, की मृणालचं ठरलेलं उत्तर असे : "माहीत नाही. बघू." ते टाळणं नसे. म्हटल्यावर ती खरोखर उठून बघायला जायची. बेडकाला कान कुठे असतात, मीठ समुद्रात कुठून आलं, आजीच्या आजीचं नाव काय. जेवणं थंड व्हायची.

लिफ्टमध्ये मात्र मला घाम फुटायचा. लिफ्टमध्ये लहान मुलाला लोक एकच प्रश्न विचारतात, इयत्तेचा. "कौनसे में है, बेटा?" ओवी पाच-सहा वर्षांची असताना मोठ्या आत्मविश्वासानं सांगायची, "दुसरे माले पे." लोक हसायचे, मीही हसायचो. आणि मजला येईपर्यंत मनात हिशोब चालायचा की आपण या पोरींना कुठल्याच यादीत न घालता कुठे घेऊन चाललो आहोत. शाळेत गेलेल्या मुलाचं काही बिनसलं तर शाळा असते, मास्तर असतात, अभ्यासक्रम असतो, दोष वाटून घ्यायला खूप जणं असतात. घरी वाढलेल्या मुलाचं बिनसलं तर दोन माणसं असतात.

आणि मग मी एकटा उरलो. जाईच्या दहावीच्या परीक्षेआधीच्या थंडीत मृणाल गेली. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल मी अजून नीट लिहू शकत नाही, म्हणून इथेही लिहीत नाही.

तिनं जाईचं नाव मुक्त विद्यालयाच्या दहावीसाठी आधीच घालून ठेवलं होतं. घरी शिकलेल्या मुलांना तिथून बाहेरून परीक्षा देता येते. फेब्रुवारी गेला आणि मार्चचं ऊन सकाळी आठलाच स्वयंपाकघराच्या ओट्यावर येऊन बसू लागलं. पाण्याचा टँकर गल्लीत उलटा शिरताना वाजतो तो आवाज, खालच्या मजल्यावरच्या रजिया आपांच्या शिलाई मशिनचा आवाज, आणि जाईच्या पानं उलटण्याचा आवाज. त्या मार्चचे मला आठवणारे आवाज एवढेच. घरात बोलणारं माणूस गेलं होतं आणि आम्ही तिघं मूळचे कमी बोलणारे.

मी घाबरून जे जे करता येतं ते केलं. हॉल तिकिटाच्या चार प्रती काढल्या. पेनं लिहून बघितली. जेवताना जाईला धातू-अधातू विचारू लागलो. एकदा तिनं घास हातात धरून म्हटलं, "बाबा, तू जरा श्वास घे."

मग अक्का आली. माझी मोठी बहीण, शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, कुकटपल्लीला मुलाकडे राहते. मेट्रोनं यायची, डब्यात करडईची भाजी आणि पिशवीत जुन्या प्रश्नपत्रिका. पायातल्या चपला काढता काढताच सुरुवात.

"मराठीत अर्ज येतोच. लिही जाई. ताप आल्यामुळे दोन दिवस शाळेत येता येणार नाही. मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज."

जाई पेन धरून बसली. "आत्या, ताप आलाय तर जाणार कशी? मग विचारायचं कशाला?"

"विचारायचं नसतं गं. कळवायचं असतं."

"मग त्याला अर्ज का म्हणायचं?"

"मार्क अर्जाला आहेत, अकलेला नाहीत. लिही."

जाईनं लिहिलं. अक्कानं कागद उचलून मोठ्यानं वाचला : "माननीय मुख्याध्यापक, मला ताप आला आहे. मी घरी झोपून आहे. तुम्ही काळजी करू नका. बरं वाटलं की येईन. तुमची, जाई." वाचून झाल्यावर तिनं चष्मा काढला आणि हसत सुटली. "सगळा जन्म गेला माझा रजेचे अर्ज वाचण्यात. 'तुम्ही काळजी करू नका' असं एका पोरीनं लिहिलं नाही मला." मग हसू ओसरल्यावर कागदाची घडी घालून तो पर्समध्ये ठेवला. जाईला मात्र खाली काय लिहायचं ते दटावून सांगितलं, "आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी."

स्वयंपाकघरात आल्यावर तिचा आवाज बदलला. "पोरगी गोड आहे रे. पण परीक्षा म्हणजे पाहुणचार नाही. हिचं जे व्हायचं ते होईल. ओवीला तरी जूनमध्ये शाळेत घाल. मृणाल होती तोवर मी तोंड उघडलं का कधी? आता कोण शिकवणार तिला? तू? तू ग्रंथालयात बसणार आणि ही घरात भिंतीशी बोलणार."

"जाईची परीक्षा होऊ दे," मी म्हणालो.

"झाली की?"

"बघू."

"बायकोचा शब्द तेवढा बरा उचललास."

मी चहात साखर घालत राहिलो. तिचं चुकत नव्हतं. एखादी रीत जेव्हा एका माणसाच्या खात्रीवर उभी असते आणि ते माणूस निघून जातं, तेव्हा मागे उरलेल्यांनी ती चालवायची म्हणजे काय करायचं? मृणालला जे दिसत होतं ते मला दिसत नव्हतं. ती बघत होती एवढंच मला ठाऊक होतं. त्यामुळे जाईची परीक्षा माझ्यासाठी जाईची राहिलीच नव्हती. ती नीट पार पडली तर मृणाल बरोबर होती. नाही पडली, तर ज्या माणसाला आता आपली बाजू मांडता येणार नाही, त्याच्यावर सगळं जाणार होतं.

त्याच संध्याकाळी 'परवा' या शब्दाचं ते झालं. रमजान होता. रजिया आपा इफ्तारच्या आधी आमच्यासाठी दहीबडे घेऊन वर आल्या होत्या. ओवीनं बशीवरचं झाकण उचललं आणि म्हणाली, "परवा आई म्हणाली ना, दही आधी गोड करून घ्यायचं."

अक्कानं मास्तरणीच्या सवयीनं तिला जवळ ओढलं. "परवा नाही बाळा. परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस. आई म्हणाली ते खूप आधी."

ओवीला काही कळलं नाही. तिच्या लेखी सगळं होऊन गेलेलं परवाच होत असे. कधी तरी, आठवतंय तेव्हा, म्हणजे परवा. हे तिनं आमच्या शहराकडून उचललं होतं. वार-महिन्यांचं कोष्टक मृणालनं तिला कधी पाठ करायला लावलं नव्हतं, येईल तेव्हा येईल म्हणून.

रजिया आपा दारातच ओढणी सावरत म्हणाल्या, "जाने दो ना, अक्का. हैदराबाद में परसों बोले तो परसों थोड़ी होता. मेरी शादी भी परसोंच हुई."

"आणि नातू?" अक्कानं विचारलं.

"वो कल."

अक्का हसली. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी. पण झोपताना ओवीचं वाक्य मनात घोळत राहिलं. परवा आई म्हणाली. या घरात एक माणूस असं होतं, ज्याच्या हिशोबात मृणाल फार लांब गेलेली नव्हती.

विज्ञानाच्या प्रात्यक्षिकाची तारीख हॉल तिकिटावर नव्हती. केंद्रावर विचारा, एवढंच छापलेलं होतं. केंद्र म्हणजे नामपल्ली स्टेशनमागची एक शाळा. फोन कुणी उचलत नव्हतं, म्हणून दुपारी मी स्वतः गेलो. अर्ध्या दिवसाच्या शाळा सुरू झाल्या होत्या, पटांगण ओस, ऑफिसला कुलूप. फाटकावर म्हातारा वॉचमन ओला रुमाल डोक्यावर टाकून बसला होता.

"ओपनवालों का सायन्स का प्रॅक्टिकल कब है?"

"परसों, साब."

तेवढ्यात बाहेर कुणी हॉर्न वाजवला आणि तो फाटक उघडायला गेला.

मी तसाच उभा राहिलो. परसों. आमच्या मराठीत परवा दोन्हीकडे असतो, येणाराही आणि गेलेलाही. पण या गावात परसों बहुतेक वेळा गेलेलाच असतो. आठवड्यापूर्वीचा असेल, महिन्यापूर्वीचा असेल. जाईचं प्रात्यक्षिक होऊन गेलं होतं. मी तारीख वेळेवर विचारली नव्हती. शाळेत असती तर कुणी फळ्यावर लिहिली असती, कुणी मैत्रिणीनं सांगितली असती, सगळ्यांबरोबर ती आपोआप तिथे पोचली असती. आमच्या मुलीला 'सगळ्यांबरोबर' असं काही नव्हतं. तिला आई होती. डोळ्यांसमोर एका ओळीत बसलेली मुलं दिसली, समोर परीक्षानळ्या, आणि मधलं एक रिकामं स्टूल. घरी जाऊन तिला काय सांगायचं, अक्काला काय सांगायचं, याची वाक्यं मी जुळवू लागलो. मृणालला सांगायचं एक वाक्यही जुळवलं. ते अर्धवट राहिलं.

वॉचमन परत आला आणि माझ्याकडे बघत राहिला. "साब, रो रै क्या?"

"नाही, धूप है," मी म्हणालो आणि रुमाल काढला. "परसों हो गया, की परसों है?"

"आता सो परसों, साब. गया सो नै." त्यानं हातानं दिशा दाखवली, जणू येणारा परवा स्टेशनच्या बाजूनं येतो. "बच्चे को दस बजे भेजो. पानी पीके जाओ, आप."

त्याच्या मडक्यातलं पाणी पिऊन मी रस्त्याला लागलो. एका शब्दाची दोन तोंडं असतात हे मला माहीत होतं. आपण घाबरलेलो असलो की त्यातलं कुठलं तोंड आपल्याला दिसतं, ते त्या दिवशी कळलं.

पहिल्या पेपरच्या दिवशी फाटकासमोर आईबापांची गर्दी होती. एका बाईंनी विचारलं, "कौनसा स्कूल आपका?" मी म्हणालो, "घर." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असावं आणि पुढचं विचारावंसं वाटलं नसावं. जाई आत जाताना वळली नाही. ती कधीच घंटेवर आत गेली नव्हती, कधी अनोळखी मुलांच्या मध्ये तीन तास गप्प बसली नव्हती. मी भिंतीच्या सावलीत उभा राहिलो. सावली सरकत गेली तसा सरकत गेलो.

बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना शाई होती. मी काही विचारण्याआधीच म्हणाली, "अर्ज आला होता. आज्ञाधारक लिहिलं मी. खोटं आहे, पण मार्क आहेत." मग ऑटोत बसल्यावर : "बाबा, शेवटची घंटा झाली ना, की सगळे एकदम पेन खाली ठेवतात. सगळे. असा टक असा आवाज येतो. मला ते आवडलं."

म्हणजे हे तिला हवं होतं का? इतकी वर्षं हा टक असा आवाज आम्ही तिच्यापासून दूर ठेवला का? मी कसाबसा म्हणालो, "आईला नसतं आवडलं."

"आईनं विचारलं असतं, बाकीच्यांना पण आवडतो का," जाई म्हणाली आणि बाहेर बघू लागली.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. फार चांगल्या नाही. अक्कानं पेढे आणले आणि ओवीच्या शाळेचा विषय काढला नाही, तोंडाशी आलेला असूनही. बोलण्याची पाळी माझी होती. जून आला, गल्लीत नवे गणवेश दिसू लागले, आणि मी ओवीला शाळेत घातलं नाही. ग्रंथालयातली दुपारची पाळी मागून घेतली. सकाळी मी आणि ओवी, दुपारी ती खाली रजिया आपांच्या मशिनशेजारी चिंध्यांचे चौकोन-त्रिकोण लावत बसते, संध्याकाळी जाई. लोकांना मी सांगितलं की मृणालची इच्छा होती. जाईला सांगितलं की आपल्याला जमतंय. दोन्ही खरं होतं. पण त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, जे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. शाळेत गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिचा परवा दुरुस्त केला असता. वार, महिने, काल, आज, उद्या, ओळीनं. आणि मग आई किती लांब आहे हे तिला मोजता आलं असतं.

त्यात मी ओवीला जपत होतो की स्वतःला, हे मला अजून सांगता येत नाही. वर्षभर तिनं 'परवा आई' म्हटलं की मी मान हलवायचो.

काल जाईचा पेपर सोपा गेला होता. संध्याकाळी आम्ही दोघं, मी आणि ओवी, बाल्कनीत उभे होतो. पाडवा जवळ आलाय, शेजारच्या तेलुगू घरातल्या आजी पाडव्याच्या पच्चडीसाठी, त्या सहा चवींच्या चटणीसाठी, आत्तापासूनच खाली चादर पसरून कडुनिंबाची फुलं जमवून ठेवत होत्या. त्या गोडसर-कडू वासानं मला एकदम भरून आलं आणि मी म्हणालो, "परवाच तर आईनं तुला हे फूल चाखायला दिलं होतं. तू थुंकलीस."

ओवी कठड्यावर हनुवटी टेकून होती. "परवा नाही, बाबा," ती म्हणाली. "आई मागच्याच्या मागच्या थंडीत गेली. फूल त्याच्या पण आधी."

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी नाही, जाई नाही. मी राखण करत उभा होतो आणि ती कधीच मोजून मोकळी झाली होती. तिचा आवाज दुखरा नव्हता. जिना आहे, झाड आहे, तसं ते होतं. मी कठडा धरून राहिलो. लांब गेलेली मृणाल त्या क्षणी आणखी थोडी लांब गेली आणि घरात परवा म्हणणारा मी एकटाच उरलो.

मग ओवी म्हणाली, "बाबा, मला शाळा बघायचीय. जाईची ती घंटा."

मी विचारलं, "नुसती बघायची, की रोज जायचं?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "बघू."

आवाजात तो स्वस्थपणा होता. मी तिच्याकडे वळून बघितलं. तिच्या केसांत एक पांढरं फूल अडकलं होतं.

"कधी जायचं?"

"परवा."

मी आत येऊन भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. परवा गुरुवार होता.